नागपूरहून सागरी कयाकिंग क्लबाचं सभासदत्व टिकवावं का? सल्ला हवा

वैनगंगा:
नमस्कार मंडळी. २०१५ मध्ये कौस्तुभ खाडे मुंबईहून गोव्यापर्यंत एकटे कयाकने गेले, ती बातमी वाचल्यापासून हा विषय मनात होता. गेल्या हिवाळ्यात धाकट्या बहिणीला घेऊन मालवणला शिबिराला गेले आणि तिथल्या एका क्लबाच्या आम्ही दोघी सभासद झालो. माणसं फार मायेची आहेत. आम्हाला कधी पाहुण्यांसारखं वागवलं नाही.
पण आम्ही राहतो मनीषनगरला, मालवणच्या समुद्रापासून सरळ रेषेत मोजलं तरी आठशे किलोमीटरवर. वर्षातून एखाद-दोन वेळाच जाणं होईल. गटावर रोज सकाळी कोण कुठवर जाऊन आलं ते वाचते आणि वाटतं, आपण नुसत्या नावापुरत्या आहोत. ऑक्टोबरात वर्गणी भरायची आहे. भरावी का? नागपुरात सराव कुठे करता येईल? बहीण म्हणते, हवा भरायची कयाक घेऊन टाकू. घ्यावी का?

करलीकाठ:
वैनगंगाताई, वर्गणी जरूर भरा. मी मालवणजवळच्या देवबागचा, बरीच वर्षं वल्हवतो आहे, म्हणून सांगतो. कोण किती वेळा आलं याचा हिशेब इथे कोणी ठेवत नाही. पाण्यात उतरताना प्रत्येकाच्या मनात असतं ते इतकंच: मी उलटलो तर शेजारचा मला परत होडीत बसवेल का? ज्याच्याबद्दल खात्री वाटते तो आमचा, मग तो वेंगुर्ल्याचा असो की नागपूरचा. आणि ती खात्री कमवायला समुद्र लागत नाही, छातीएवढं स्वच्छ पाणी पुरतं.
शिबिरात बहुधा वर उघड्यावर बसायची कयाक दिली असेल. ती उलटली तर सरळ करून तिच्यावर चढायचं, एवढंच. लांब पल्ल्याला आम्ही बंद डेकची, साधारण पाच मीटर लांबीची अरुंद कयाक वापरतो. ती उलटली की कॉकपिटमध्ये, म्हणजे बसायच्या खोबणीत, पाणी भरतं. मग मदतीला आलेल्याने तिचं नाक आपल्या डेकवर आडवं ओढून घ्यायचं, पाणी निथळू द्यायचं, होडी सरळ करायची, दोन्ही होड्या एकमेकींना चिकटवून घट्ट धरायच्या आणि पाण्यातल्याला चढू द्यायचं. याला टी-रेस्क्यू म्हणतात. तुम्ही दोघी बहिणी, जोडी घरातच आहे. आलटून पालटून करा. उलटल्यावर होडी आणि वल्हं हातातून सोडायचं नाही, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. रिकामी होडी वाऱ्यावर इतकी भराभर जाते की चांगला पोहणाराही तिला गाठू शकत नाही.
वारा आणि भरती मात्र नागपुरात बसून शिकण्यासारख्या गोष्टी आहेत. हिवाळ्यात पहाटे मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो. माडांच्या आडोशाने किनाऱ्यालगतचं पाणी अगदी सपाट दिसतं आणि नवखा माणूस खूश होतो. पण तोच वारा त्याला बाहेर ढकलत असतो, आणि आडोसा सुटला की त्याचा जोर वाढतो. दुपारी खारा वारा सुरू होतो, फेब्रुवारीनंतर तर चांगलाच झोडपतो. म्हणून आम्ही उजाडता निघतो आणि ऊन तापायच्या आत परततो.
भरतीसाठी घरच्या कालनिर्णयावर तिथी बघा. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ अंदाजाने मिळते. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, आणि तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी. आमचे तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, असाच हिशेब करतात; नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघायची. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यांत कमी चढ-उताराची भरती-ओहोटी. देवबागच्या संगमावर ओहोटीचं नदीचं पाणी बाहेर पडतं आणि समोरून लाट येते, तिथे लाट उभी राहून फुटते. उधाणाच्या ओहोटीला आम्हीही तिकडे जात नाही.
इन्कॉइसचा (समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था) लाटांचा अंदाज रोज बघत जा. गटावर सकाळचा फोटो यायच्या आधी स्वतः ठरवा: आज मी उतरले असते का? मग तुमचं उत्तर गटावर टाका, चुकलं तर का ते आम्ही सांगू. गटाला याची फार गरज आहे, सगळे नुसतं अंगठ्याचं चित्र टाकतात.
आणि एक. सकाळी किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागलेली असते. जाळ्याच्या आतून कधी जायचं नाही, बाहेरून लांब वळसा घ्यायचा. गावाचं आणि आमचं नातं यावर टिकून आहे.

झिरोमाईल:
ताई, मी नागपुरातल्या सदरचा. आपल्याकडे पाणी कमी नाही ना बाप्पा! खिंडसीला या. रामटेकजवळ आहे, तिथे बोटिंग आधीपासून चालते. मात्र स्वतःची होडी उतरवायची असंन तर तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची लेखी परवानगी घ्या, तोंडी 'जा ना' वर जाऊ नका. तोतलाडोह डोक्यातून काढून टाका, तो पेंच व्याघ्र प्रकल्पात येते. अंबाझरीत जलपर्णी वाढली की वल्हं फसते. आन् पावसाळ्यात कोणत्याच तलावाच्या सांडव्याकडे फिरकू नका. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी ओसंडला तेव्हा पाणी काय करते ते आपण सगळ्यांनी पाह्यलं.
एक फायदा आहे आपल्याला. पावसाळ्यात समुद्र बंद, यांत्रिक होड्यांची मासेमारीसुद्धा जून-जुलैत बंद असते, आन् तेव्हाच आपले तलाव भरून राह्यले असते. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरात इथं घाम गाळा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिकडे जा. ढग गडगडले की लगेच पाण्याबाहेर, विदर्भातली वीज कोणाची वाट पाहत नाही. जानेवारीत सकाळी आपलं पाणी मालवणच्या समुद्राहून थंड असते, नुसत्या टी-शर्टवर उतरू नका.
आम्ही काही जण रविवारी सराव करून राह्यलो. दोघी आल्या तर आम्हालाच बरं होईल, बंद डेकच्या कयाकची माहिती इकडे कोणाले नाही.

साळुंकी:
मी पुण्याहून. होडी आत्ता अजिबात घेऊ नका. पहिला खर्च जॅकेटचा. पर्यटकांना देतात ती जाड नारिंगी जॅकेटं दंडाला घासतात, वल्हवताना हात मोकळा फिरत नाही. कयाकिंगसाठीचं, बगलेत मोठी कापलेलं घ्या. घालून बघताना बहिणीला खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढायला सांगा. कानापर्यंत आलं तर ते तुमच्या मापाचं नाही. दुसरा खर्च स्वतःच्या वल्ह्याचा. होडी कोणाचीही चालते, वल्हं ओळखीचं असलं की बरं.
हवा भरायची कयाक वाऱ्यात पानासारखी भरकटते. समुद्रासाठी नकोच.

झिरोमाईल:
साळुंकीताई, समुद्रासाठी नाही हे मान्य. पण फ्लॅटमध्ये राहणाऱ्यानं पाच मीटरची होडी ठेवावी कुठं? तलावावर वल्हवायचा हात बसवायला हवेवाली चालते, वारा पडला असला की.

साळुंकी:
तलावापुरतं ठीक. पण ज्या टी-रेस्क्यूसाठी हा सगळा खटाटोप, तो हवेच्या होडीवर शिकता येत नाही. त्यापेक्षा तुमच्या रविवारच्या गटाने मिळून एक जुनी बंद डेकची कयाक घ्यावी, असं माझं स्पष्ट मत. प्लास्टिकची असेल तर नागपूरच्या मे महिन्यात उन्हात ठेवू नका, तळाला पोचे पडतात. पट्टे करकचून आवळू नका, आणि ठेवताना हॅचची, म्हणजे सामानाच्या कप्प्यांची, झाकणं सैल सोडा, आतली हवा तापून फुगते.

वैनगंगा:
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! वर्गणी भरते. झिरोमाईलदादा, येत्या रविवारी आम्ही दोघी येतो.
एक अडचण राहिली. बहिणीला पोहता येतं, पण जेमतेम. बंद डेकमध्ये उलटं अडकण्याची तिला फार भीती वाटते. तिला आग्रह करू का नको?

करलीकाठ:
आग्रह नको, पण भीती जाईल अशी पायरी पायरीने सोय करता येते. आधी पोहण्याच्या तलावात पोहणं पक्कं करू दे. मग होडीत स्कर्ट (कमरेला घालून कॉकपिटचं तोंड झाकणारं कापड) न लावता बसायचं, तुम्ही शेजारी उभ्या. उलटल्यावर पुढे वाकायचं, होडीच्या तळावर बाहेरून तीनदा थाप मारायची, मग दोन्ही हात कमरेशी नेऊन कड अंगापासून दूर ढकलायची, अंग आपोआप बाहेर येतं. थाप मारायला लावतो ती घाई मोडण्यासाठी. हे शांतपणे जमलं की मगच स्कर्ट. स्कर्टच्या पुढची, ओढून तो सोडवायची पट्टी बाहेर आहे ना, हे निघण्याआधी दुसऱ्याने हात लावून बघायचं, आमच्याकडे जुन्यांचंही बघतात.
तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ दोघींच्या फोनमध्ये असू द्या. फोन वॉटरप्रूफ पिशवीत, आणि पिशवी अंगावरच्या जॅकेटला बांधलेली. होडीला बांधली तर होडीबरोबर जाते.

वैनगंगा:
करते सगळं. डिसेंबरात रेल्वेने येऊ म्हणतो. वल्हं गाडीत नेता येतं का?

साळुंकी:
मधोमध सुटणारं घ्या. समुद्रासाठी लांबी २१० ते २३० सेंटिमीटरच्या मधली, तुमच्या उंचीप्रमाणे. सुटल्यावर निम्मं होतं, बर्थखाली जातं. पात्यांना जुनी चादर गुंडाळा.

करलीकाठ:
नागपूर–मडगाव गाडी असेल तर कुडाळला उतरा, नाहीतर मुंबईहून कोकण रेल्वे. निघण्याआधी दोघींची उंची आणि वजन गटावर कळवा, मापाच्या होड्या काढून ठेवायला सांगतो. येताना अष्टमीच्या आसपासचे दिवस धरा.