या महिन्यात काय काय घेतलंत? आणि डिस्क अजून विकत घ्याव्यात का?

तेजस_कोथरूड

दिवाळीत बोनस हातात आला आणि बऱ्याच दिवसांची मनातली खरेदी एकदाची झाली. माझी यादी देतो, तुमचीही येऊ द्या.

सगळ्यात आधी सत्यजित राय यांच्या अपू त्रयीचा फोर-के (अतिस्पष्ट चित्राच्या) डिस्कचा संच. मावसभाऊ अमेरिकेहून येणार होता, त्यालाच आणायला सांगितला. या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबला लागलेल्या आगीत जळाल्या होत्या. जळून कडक झालेल्या रिळांतला वाचलेला भाग इटलीत बोलोन्याच्या तंत्रज्ञांनी पुन्हा मऊ केला, कडेची तुटलेली भोकं हाताने दुरुस्त केली आणि त्यातून ही प्रत उभी राहिली. कास गवताच्या तुऱ्यांतून पोरं आगगाडी बघायला पळतात ते दृश्य मी आजवर टीव्हीवर पांढऱ्या धुरकट पट्ट्यासारखं पाहत आलो होतो. आता एकेक तुरा वेगळा हलताना दिसतो. डोळे भरून आले, खरंच.

दुसरं, 'रेड डेड रिडेम्पशन २' या गेमची प्लेस्टेशन ४ (पीएस४) या कन्सोलवरची जुनी प्रत, हजाराच्या आत मिळाली. एक डेटा डिस्क आणि एक प्ले डिस्क. आतला नकाशासुद्धा शाबूत आहे. माझ्या पीएस५ वर व्यवस्थित चालते.

तिसरी खरेदी म्हणजे रद्दीवाल्याकडे सापडलेल्या मराठी नाटकांच्या व्हीसीडी, मूठभर.

माझं मत स्पष्ट आहे. जे आवडतं ते डाउनलोड न करता डिस्कवरच घ्यावं. डिसेंबर २०२३ मध्ये सोनीने जाहीर केलं होतं की प्लेस्टेशन स्टोअरवरून लोकांनी पैसे देऊन घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम त्यांच्या खात्यांतून काढून टाकले जातील. पैसे मोजलेली वस्तू घरातून उचलून नेण्याचा हा प्रकार मला मान्य नाही. कपाटातली डिस्क कोणी रातोरात नेऊ शकत नाही.

निशाचर

खरेदी झकास! पण मताशी पूर्ण असहमत.

डिस्कव्हरीचं अर्धंच सांगितलंत. लोक खवळल्यावर त्याच महिन्यात परवान्याचा करार नव्याने झाला आणि कार्यक्रम काढण्याचा निर्णय मागे घेतला गेला. उलट डिस्कवाल्यांचं काय झालं ते बघा. 'द क्रू' हा २०१४ चा गाड्यांच्या शर्यतीचा गेम. युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद केले. गेम एकट्याने खेळायचा असला तरी सर्व्हर लागायचाच. त्यामुळे ज्याच्याकडे डिस्क होती तो आणि ज्याने डाउनलोड केला होता तो, दोघेही एकाच दिवशी रिकाम्या हाताने बसले. कपाटातल्या डिस्कने काय वाचवलं?

आता नव्या मशीनकडे या. २०२३ पासूनच्या पातळ पीएस५ ला डिस्क ड्राइव्ह वेगळा जोडता येतो, पण पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतंच. गेमची डिस्क घालावी तर लगेच अपडेट मागतो, तोही कित्येक गिगाबाइटचा. म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरचं अवलंबन काही सुटलं नाही, फक्त प्लास्टिकचा डबा जास्तीचा आला.

मी ठाण्यात वन-बीएचकेमध्ये राहतो. आई-बाबा, आम्ही दोघं आणि मुलगी. माझी सगळी लायब्ररी एका कन्सोलमध्ये मावते आणि घरात कोणाला त्याचा त्रास नाही. ही गोष्ट मला छोटी वाटत नाही.

मुक्ता_ना

निशाचर, 'द क्रू' चं उदाहरण खरं आहे, पण तो दोष डिस्कचा नाही. गेमच सर्व्हरला बांधून बनवला होता. सगळे गेम तसे नसतात. 'डझ इट प्ले' नावाचा एक गट आहे, तिथली मंडळी डिस्क घालून, इंटरनेट बंद ठेवून गेम खेळून बघतात आणि चालतो की नाही ते लिहून ठेवतात. मी घेण्याआधी तिथे बघते. भरपूर गेम अपडेटशिवाय पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळता येतात.

आणि तुमच्या बोलण्यात एक मोठा मुद्दा आलाच नाही, तो म्हणजे पैसा. नवा मोठा गेम आपल्याकडे पाच हजारांच्या आसपास पडतो. मी अजून नोकरीला लागलेली नाही. आमचा चार मैत्रिणींचा गट आहे. एक जण नवी डिस्क घेते, ती आळीपाळीने चौघींकडे फिरते आणि शेवटी विकली की निम्म्याच्या आसपास पैसे परत येतात. त्यातून पुढची डिस्क. डाउनलोड केलेला गेम मला विकता येत नाही, हक्काने मैत्रिणीच्या हातात ठेवता येत नाही. ज्यांच्या खिशात पैसा आहे त्यांना डिजिटल सोयीचं वाटतं. आम्हाला हा छंद परवडतो तोच डिस्कमुळे.

माझी खरेदी: 'एल्डन रिंग', सेकंड हँड, डबी तडकलेली पण डिस्कवर एक ओरखडा नाही.

क्यूए_वाला

मी पुण्यात गेमिंगच्या क्षेत्रात नोकरी करतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

'राजी' हा गेम आठवतोय ना? नॉडिंग हेड्स या पुण्याच्याच लहानशा स्टुडिओचा, २०२० साली आलेला. त्याआधी लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी त्यांनी तो पूर्ण केला आणि तो निन्टेन्डो स्विच या कन्सोलच्या डिजिटल दुकानात पहिल्यांदा आला. निन्टेन्डोचं भारतात अधिकृत दुकान नाही, आणि तरीही पुण्यात बनलेला गेम जगभरच्या स्विचवर पोहोचला! डिस्क किंवा कार्ट्रिज छापायची तर आधी हजारो प्रतींचे पैसे ओतावे लागतात, मग वितरक, मग गोदाम, मग दुकानदाराचं कमिशन. आपल्याकडच्या लहान स्टुडिओंना ते झेपणारं नाही. शिवाय मुक्ता, सेकंड हँड विक्रीतून बनवणाऱ्याला एक रुपयाही मिळत नाही. मोठ्या कंपनीला त्याचं काही वाटणार नाही, पण आठ-दहा जणांच्या टीमला नक्की वाटतं.

मी गेल्या सेलमध्ये स्टीम या डाउनलोडच्या दुकानातून भारतीय लहान स्टुडिओंचे गेम घेतले. ते डिस्कवर कधी येणारच नव्हते.

मुक्ता_ना

क्यूए_वाला, तुमचं म्हणणं पटण्यासारखं आहे आणि लहान स्टुडिओचा गेम मीही थेट विकतच घेईन. पण पुस्तकांचं काय? अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं घेऊन शिकलेली माणसं पुढे नवी पुस्तकं घेतात. सेकंड हँड डिस्कवर वाढलेली मुलगीच उद्या कमावती झाली की पहिल्या दिवशी गेम घेईल.

मीनाक्षी_फ्रँकफर्ट

तेजस, संचाचं अभिनंदन. एक सावधगिरीची सूचना, कारण बरेच जण परदेशातून चित्रपट मागवतात आणि मग डिस्क चालत नाही म्हणून हिरमुसतात. डिस्क ज्या विभागासाठी बनते, त्या विभागाच्याच प्लेअरवर चालते. डीव्हीडीच्या विभागणीत भारत ५ मध्ये येतो, ब्लू-रेच्या विभागणीत सी मध्ये. अमेरिकेची ब्लू-रे ए, आमच्या युरोपातली बी. फोर-के यूएचडी डिस्कला मात्र असं कुलूप नसतं. म्हणून तुमच्या संचातल्या फोर-के डिस्क चालतील, सोबतच्या ब्लू-रेचा भरवसा धरू नका. पीएस५ च्या गेम डिस्कलाही प्रदेशाचं कुलूप नाही, पण डीएलसी (गेमचा नंतर विकत घ्यायचा जादा भाग) घ्यायचं असेल तर ज्या प्रदेशाची डिस्क, त्या प्रदेशाचं खातं लागतं.

दर्जाबद्दलही कोणीतरी बोलायला हवं. फोर-के डिस्कवर १०० गिगाबाइटपर्यंत जागा असते आणि चित्रपट सेकंदाला शंभर मेगाबिटच्याही वरच्या वेगाने वाचला जाऊ शकतो. स्ट्रीमिंगवर साधारण पंधरा ते पंचवीसच्या घरात येतो. अंधारातली दृश्यं, पाऊस, धूर, गर्दी अशा ठिकाणी फरक उघड दिसतो. स्ट्रीमिंगवर काळ्या भागात चौकोन दिसू लागतात. ज्यांनी प्रकाशावर जीव ओतला त्यांचं काम असं चुरगाळलेलं बघायला मला आवडत नाही.

निशाचर

मीनाक्षीताई, दर्जाचं मान्य. पण ती डिस्क लावणार कशावर? एलजीने २०२४ मध्ये ब्लू-रे प्लेअर बनवणं थांबवलं, सॅमसंग आणि ओप्पो त्याच्या आधीच बाहेर पडले. आपल्याकडे तर दुकानात प्लेअर विचारला की विक्रेता आपल्या तोंडाकडे बघत राहतो. काळाघोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे सीडी-डीव्हीडीचं दुकान २०१६ ला बंद झालं. मोझर बेअरने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकून अख्ख्या देशाला चित्रपट घरी नेण्याची सवय लावली, तीही २०१८ मध्ये अवसायनात गेली. बाजारच उरला नाही.

आणि डिस्क तरी अमर आहे का? वॉर्नरने २०२५ मध्ये कबूल केलं की २००६ ते २००८ या काळात बनलेल्या त्यांच्या काही डीव्हीडी आपोआप खराब होताहेत. डबीत नीट ठेवलेल्या, कोणी हातही न लावलेल्या. त्यात आपली हवा! जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई-ठाण्यात कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते, तिथे डिस्कची काय कथा?

किनारपट्टी

निशाचर, बुरशीवर रत्नागिरीहून उत्तर देतो, कारण इथला पावसाळा तुमच्यापेक्षा कडक.

डिस्क लाकडी कपाटात भिंतीला टेकवून ठेवू नयेत. हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात उभ्या ठेवाव्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पावसाळ्याआधी त्या पुड्या बदलाव्यात. डाग पडलेच तर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून मऊ कापडाने मधून कडेकडे पुसावं. गोल गोल कधीच नाही, कारण गोल ओरखडा लेझरच्या वाटेवर लांबच लांब पडतो आणि आडवा ओरखडा डिस्क सहज खपवून घेते. माझ्याकडच्या जुन्या डीव्हीडी याच पद्धतीने टिकल्या आहेत.

पण मला खरं बोलायचंय ते तेजसच्या तिसऱ्या खरेदीबद्दल, जिच्याकडे अजून कोणीच वळून बघितलं नाही. अपू त्रयी जळाली तरी तिच्यासाठी जगभरचे लोक धावून आले. आपल्या नाटकांसाठी कोण येणार? व्हीसीडीच्या जमान्यात कितीतरी मराठी नाटकांचं चित्रीकरण तिच्यावर आलं. अमेरिकेला जाणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेत चकलीच्या डब्याशेजारी ती ठेवलेली असायची. त्यातले कित्येक नट आज नाहीत. यातली बरीच नाटकं मला कुठल्याच ओटीटीवर सापडली नाहीत. यूट्यूबवर सापडलं तर कोणीतरी टीव्हीवरून उतरवलेलं, मध्येच तुटलेलं. म्हणजे काही प्रयोगांची शेवटची प्रत ती रद्दीतली चकतीच असू शकते.

तेजस, तुम्ही ताबडतोब एक काम करा. व्हीसीडीवर कुलूप नसतं. संगणकात घाला, 'एमपीइजीएव्ही' नावाचा फोल्डर उघडा, त्यात 'डॅट' फाइल असते, ती हार्ड डिस्कवर उतरवा. व्हीएलसी या प्लेअरवर थेट चालते. एका डिस्कवर जेमतेम सव्वा तास मावतो, म्हणून नाटक दोन-तीन डिस्कवर असतं. अंक चुकू नयेत म्हणून फाइलला नाव देताना डिस्कचा क्रमांक लिहा. चित्र ३५२ बाय २८८ चंच असतं, मोठ्या टीव्हीवर फुटेल, पण आवाज शाबूत राहतो आणि नाटकात तो महत्त्वाचा. कॉपी मध्येच अडली तर दुसऱ्या ड्राइव्हवर करून बघा. जुने ड्राइव्ह खराब डिस्क कधी कधी जास्त सहनशीलतेने वाचतात.

अनाहत

सगळे डिस्क विरुद्ध डाउनलोड असं बोलताय म्हणून लिहितो. डाउनलोडमध्येही दोन प्रकार आहेत. गॉग या दुकानातून गेम घेतला की त्याचा इन्स्टॉलर आपल्याला उतरवून ठेवता येतो, त्याला नंतर कोणाची परवानगी लागत नाही. मी हल्ली जुने गेम तिथूनच घेतो आणि दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवतो.

का, ते सांगतो. 'ॲलन वेक' हा गेम मे २०१७ मध्ये दुकानांतून काढावा लागला, कारण त्यातल्या गाण्यांचा परवाना संपला होता. पुढच्या वर्षी तो परत आला, पण मधला काळ नवीन माणसाला तो घेताच येत नव्हता. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासात दिसलं होतं की अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्धच नाहीत. त्यामुळे निशाचर, 'कंपनीकडे आहे, लागेल तेव्हा घेऊ' या विचाराशी मी सहमत नाही.

आणि स्विच २ घेणाऱ्यांनी डबीच्या पुढच्या बाजूला खाली बघावं. किल्लीचं चित्र असलेली पट्टी दिसली तर आतल्या कार्डात गेम नाही, फक्त डाउनलोडची परवानगी आहे. 'सायबरपंक २०७७' सारखे काही पूर्ण ६४ गिगाबाइटच्या कार्डावर आहेत. आपल्याकडे स्विच आयात करून विकतात आणि परत करायची सोय क्वचितच असते. पैसे देण्याआधीच डबी हातात घेऊन बघा.

निशाचर

अनाहत, ही किल्लीवाली पट्टी म्हणजे माझाच मुद्दा झाला ना! कंपन्याच डिस्क आतून पोकळ करत आणल्या आहेत. अशा वेळी डबी जमवण्यापेक्षा आपण कायदा मागायला हवा. युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' च्या याचिकेवर २०२५ मध्ये दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. सर्व्हर बंद करताना गेम खेळण्याजोगा ठेवून जा, एवढीच त्यांची मागणी आहे. हे झालं तर माझा डाउनलोडही सुरक्षित आणि मुक्ताची डिस्कही. डिस्क घेऊन एक कपाट वाचतं. मला ते पुरेसं वाटत नाही.

तेजस_कोथरूड

निशाचर, तो कायदा भारतात यावा असं मलाही मनापासून वाटतं, आणि सही मागितली तर पहिली माझी असेल. पण तो येईपर्यंत मी थांबणार नाही. धोका दोन्हीकडे आहे हे खरं, पण सारखा नाही. डिस्कला बुरशी आली तर ती पुसणं माझ्या हातात आहे. परवाना संपला तर माझ्या हातात काहीच उरत नाही. जागेचं तुमचं म्हणणं रास्त आहे, म्हणून मीही सगळं जमवत नाही. पुन्हा बघणार, पुन्हा खेळणार तेवढंच घेतो.

किनारपट्टी, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच व्हीसीडी काढून बसलो. पहिल्या दोन नाटकांच्या फाइली नीट उतरल्या. तिसऱ्याची दुसरी डिस्क अडते आहे, तीही नेमकी दुसऱ्या अंकात. कोणाकडे जुना, चालू स्थितीतला डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर कळवा, कोथरूड-कर्वेनगर भागात असाल तर मी येऊन घेऊन जाईन. आणि घरात नाटकांच्या व्हीसीडी पडल्या असतील तर रद्दीत देण्याआधी नावं तरी इथे लिहा.