शाळेसमोरचा वेफर्सचा गाडा: तक्रार कुठे करायची?

डिचोलीकर: फाटकासमोरच वेफर्स, कोला विकतात. पालक-शिक्षक संघाला काही करता येईल?

माटोळी: येईल तर! एफएसएसएआयच्या (देशाचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) 2020च्या नियमांनुसार जादा मेद, मीठ, साखरेचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरपर्यंत विकता येत नाहीत. टेपने अंतर मोजा, तारखेसह फोटो काढा, संघाचा ठराव जोडून मुख्याध्यापकांच्या सहीने अन्न व औषध प्रशासनाला अर्ज द्या. प्रत पंचायतीला, पोच घ्याच. तोंडी सांगितलं की गाडा दोन दिवस हलतो, मग परत तिथंच.

शणै_फोंडा: आधी कँटीन बघा हो! 300 मिली कोलात साधारण 32 ग्रॅम साखर, म्हणजे सहाहून जास्त लहान चमचे. पण नुसती बंदी घातली तर पाकिटं दप्तरातून येतात. मधल्या सुट्टीत गरम उसळ-पाव आणि ताक ठेवा, तेही गाड्यापेक्षा स्वस्त.

खो_खो: आणि पीटीचा तास? परीक्षा आली की तो गणिताला जातो, पावसात मैदानात चिखल. मुलांना रोज 60 मिनिटं हालचाल हवी. सभागृहात दोरीउड्या घ्या, वेळापत्रकात लिहून.

डिचोलीकर: 50 मीटर सरळ रेषेत की रस्त्यानं?

माटोळी: नियमात ‘फाटकापासून कुठल्याही दिशेला’ आहे. सरळ मोजा.