मदत हवी आहे : राजीनामा कसा थांबवू? (तातडीचे)

अनघा_क
यांना साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, आपणहून राजीनामा द्या नाहीतर चौकशी लावतो. यांनी अर्ज लिहूनसुद्धा ठेवलाय, सोमवारी देणार म्हणतात. वय ५३. मुलगा बारावीला. बँक, लॉकर सगळं यांच्या एकट्याच्या नावावर. कुणाला अनुभव असेल तर प्लीज लवकर सांगा.

निवांत
चौकशी कशाची? पैशाची भानगड आहे का? नोकरी सरकारी की खाजगी? अर्धी गोष्ट सांगून सल्ला कसा देणार?

अनघा_क
भानगड नाही हो! अल्झायमर निघालाय. एमआरआय, बी-१२, थायरॉइड सगळं झालं, डोनेपेझिलची गोळी चालू आहे. झेडपीत लेखा विभागात आहेत. एकच बिल दोनदा काढलं, त्यावरून सुरू झालंय.

सुमनताई
आमच्या सासूबाईंना होता, ८४ व्या वर्षी. रोज ब्राह्मी तूप द्या. आणि रामरक्षा म्हणून घ्या, त्यांना शेवटपर्यंत पाठ होती.

खडूस_काका
ताई, ८४ आणि ५३ एकच का? सासूबाईंना ऑफिस नव्हतं, गृहकर्ज नव्हतं. अवांतर : डॉ. अल्झायमरने १९०६ साली ज्या बाईची केस मांडली, तिला दवाखान्यात आणलं तेव्हा तीही ५१ चीच होती.

वकिली_चष्मा
राजीनामा अजिबात नको. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम २०(४) वाचा. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला काढता येत नाही, पदावनतही करता येत नाही. त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं. तसं पद नसेल तर पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे जादा निर्माण केलेल्या पदावर ठेवायचं. झेडपी यात येते. ऑफिसला आजार लेखी कळवलाय ना?

अनघा_क
नाही. कुणाला कळायला नकोय यांना.

निवांत
मग साहेबांना काय स्वप्न पडणार? त्यांना दोनदा निघालेलं बिलच दिसणार.

वकिली_चष्मा
सोमवारी राजीनाम्याऐवजी वैद्यकीय रजेचा अर्ज द्या, सोबत न्यूरोलॉजिस्टचं पत्र. पोच घ्या, आवक क्रमांकासकट. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी यूडीआयडी या दिव्यांगांच्या सरकारी पोर्टलवर लगेच अर्ज करा.

कोकणचा_बाळ्या
मुखत्यारपत्र करून टाका, विषय संपला.

वकिली_चष्मा
नाही संपत. देणाऱ्याची समज गेली की आपल्याकडे मुखत्यारपत्राला अर्थ उरत नाही.

कोकणचा_बाळ्या
माझ्या काकांचं चाललं की!

वकिली_चष्मा
चाललं म्हणजे कुणी हटकलं नाही. अनघाताई, त्यांना कळतंय तोवर खाती आणि लॉकर दोघांच्या नावावर करा, नॉमिनी तपासा. नंतर कायदेशीर पालक नेमून घ्यायला हायकोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

जीन_जिज्ञासू
मुलाची जनुकीय चाचणी करून घ्या. बाबांच्या पीएसईएन१ जनुकात दोष असेल तर तो मुलात येण्याची ५० टक्के शक्यता.

खडूस_काका
विचारलं कुणी? लवकर होणाऱ्यांतही बहुतेकांचा आजार असा एका जनुकातून आलेला नसतो. पोराची बारावी आहे, राहू द्या त्याला.

अनघा_क
त्याचं वेगळंच. बाबा तेच तेच विचारतात म्हणून खेकसतो, मग बाथरूममध्ये नळ सोडून रडतो. आत्ता तो अर्ज वाचला. अक्षर अगदी मोत्यासारखं, आणि तारीख २०११ ची. फाडून टाकू का?

नाशिकचा_नवरा
फाडू नका. माझी बायको ४९ ची असताना निदान झालं. मी अशीच तिची चेकबुकं लपवली, तर ती माझ्यावर चोरीचा आळ घ्यायला लागली. त्यांना सांगा की आधी रजा घेऊ, राजीनाम्याचं नंतर बघू. ‘नोकरी सोडू नका’ म्हणू नका, हट्टाला पेटतील. सोमवारी तुम्ही सोबत जा. स्कूटर कोण चालवतं?

अनघा_क
हेच.

नाशिकचा_नवरा
मग सोमवारी रिक्षाने जा.

सुमनताई
ब्राह्मी तूप गाईचंच हवं बरं का. पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करते.