जुन्या वह्यांच्या नव्या वह्या, आणि घरी केलेलं बाकी सगळं

परवा लेकीचं कपाट आवरलं. नववी संपली, आणि वह्या बघते तर निम्म्याहून जास्त कोऱ्या! रद्दीवाला दारात काटा घेऊन उभा आणि माझ्या हातून वह्या काही सुटेनात. आमचे दादा (वडील) आठवले.

परीक्षा संपली की मे महिन्यात आमच्याकडे वह्यांचा कारखाना निघायचा. पिना उचकटून कोरी पानं काढायची. एकरेघी, दुरेघी, चौकटी असे गठ्ठे आम्ही भावंडं लावायचो. दादा ती ठोकून सारखी करून दाभणाने भोकं पाडायचे आणि मेण लावलेल्या जाड दोऱ्याने शिवायचे. पुठ्ठा मिठाईच्या खोक्याचा, वर कालनिर्णयचं पान उलटं करून. चिकटवायला आईने शिजवलेली मैद्याची खळ, त्यात चिमूटभर मोरचूद, नाहीतर झुरळं वही कुरतडायची. मोरचूद विषारी, म्हणून खळीचं भांडं वेगळं आणि आम्हाला त्याला हात लावायची बंदी. पानं चार वह्यांमधली, त्यामुळे निबंधाच्या मध्यावर रेघा अचानक निळ्याच्या जांभळ्या व्हायच्या.

रद्दीवाल्याला परत पाठवलंय. तुमच्याकडे काय काय व्हायचं? गोधड्या, वाती, काजळ, काहीही लिहा.

खारुताई: मोरचूद!!! किती वर्षांनी ऐकला हा शब्द. आमची खळ म्हणजे ताटातला उरलेला भात. शितं बोटाने चेपून पतंग चिकटवायचो. रात्रीत मुंग्या पतंग खायच्या ते वेगळं.

आगरवाट: आमच्याकडे कोकणात विकत काय आणायचे ते सांगणे सोपे. झावळीचे हीर तासून केरसुणी, करवंटीला कामटी बसवून डाव. पोफळीची विरी (सुपारीच्या झावळीचा रुंद देठ) म्हणजे आमची गाडी. एकाने बसायचे, दुसऱ्याने ओढायचे, उतारावर दोघांनी बसायचे. चड्डीची मागची बाजू त्यातच जायची, आणि मग त्याच चड्डीचे चुलीजवळचे फडके!

मधली_सुट्टी: हहपुवा (हसून हसून पुरेवाट), चड्डीचं फडकं 😂

मागकरीण: आमचं घर यंत्रमागांच्या खडखडाटात. मागावरच्या दशा आणि चिंध्या फुकट, त्याच्या दोऱ्या वळायच्या, पायपुसणी विणायची. सुताचे रिकामे कागदी कोन भावाने कधीच फेकू दिले नाहीत. टोक कापून भोंगा करायचा आणि गल्लीतल्या मॅचची कॉमेंट्री. आजी ओरडायची, आधीच मागाचा आवाज कमी आहे का म्हणून.

नदीकाठ: मागकरीण, इचलकरंजी का?? आम्ही गावभागातले!

मागकरीण: होय हो! गावभागात माझी मावशी. शाळा कुठली तुमची?

बिनसाखर: सगळं खरं, पण मी जरा वेगळं लिहितो. आमच्याकडे हौस नव्हती, पैसे नव्हते. युरियाच्या पोत्याचं दप्तर होतं माझं. आईने बंद छान शिवले होते, पावसात आतलं भिजायचंही नाही. पण पाठीवर छापील अक्षरं, आणि पोरं मला 'खत' म्हणायची. आता लोक तसल्याच पिशव्या प्रदर्शनातून हौसेने घेतात. बघून मजा वाटत नाही मला.

खारुताई: बिनसाखर, बरं केलंत लिहिलंत. मोठ्या बहिणीच्या फ्रॉकचं खालचं शिवण उसवून घातलेत मी, ती जुनी घडी कितीही इस्त्री केली तरी दिसायची. सगळ्यांना दिसतेय असं वाटायचं.

बिनसाखर: 🙏 पोरं आता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहेत. खत म्हणूनच सेव्ह आहे अजून.

दुधावरची_साय: काजळावरून आमच्याकडे युद्ध झालं होतं. साबांनी (सासूबाईंनी) एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली उपडी धरून काजळी जमवली, तुपात खलली, डबी तयार. बाळाच्या डॉक्टरांनी सांगितलं डोळ्यात अजिबात घालायचं नाही. साबा दोन दिवस बोलल्या नाहीत. मग तह झाला, तीट तळपायाला लावायची. डबी अजून संपलेली नाही, लेक कॉलेजला आहे.

पिठलंभात: २०१८ ला प्लास्टिकबंदी आली तेव्हा नवऱ्याच्या जुन्या जीन्स कापल्या. एका पायाची एक पिशवी, खाली शिवण मारली की झालं. पाच किलो बटाटे आरामात. भाजीवाला मला 'पँटवाल्या ताई' म्हणतो. नवरा आता पँट वाळत घालून परत मोजतो.

बांधावरून: आमच्या शेताला साड्यांचं कुंपण आहे. रानडुकरं थोडी तरी बुजतात. हलक्या नायलॉनच्या साड्या, वाऱ्याने फडफडतात. मागच्या साली बाबांनी घाईत आईची जरीची नेऊन बांधली भुईमुगाला. डुकरं बुजली का माहीत नाही, बाबा अजून बुजलेले आहेत.

हिमवर्षाव: इकडे कॅनडात चक्का मिळत नाही. जुन्या सुती ओढणीत दही बांधून सिंकच्या नळाला टांगते. खालच्या मजल्यावरची बाई बघून म्हणाली, काय गळतंय का? मी म्हटलं हो, गळायलाच लावलंय.

बाकी विषयांतर, पण इथे रिठे कोणी मागवलेत का? येताना आणलेले संपले.

सुगरण_नाही: कागदाच्या लगद्याच्या टोपल्या कोणी लिहिल्या नाहीत अजून? रद्दी दोन-तीन दिवस भिजत घालायची, मेथ्या वेगळ्या भिजवायच्या, सगळं एकत्र उखळात कुटायचं. मेथ्यांनी चिकटपणा येतो. मग उपड्या घमेल्यावर सारखं थापून कडक उन्हात. सुटलं की आतून-बाहेरून परत हात फिरवायचा. आमच्या आत्याची टोपली अजून धान्याला वापरात आहे.

पिठलंभात: मेथ्या किती घ्यायच्या? आणि मिक्सरमधून काढलं तर?

सुगरण_नाही: मूठभर, अंदाजाने. मिक्सरला सांभाळून हं, घट्ट लगद्याने आमच्या जाऊबाईंचा जळला. पाणी जास्त घालून थोडं थोडं फिरवा, मग फडक्यात पिळा.

मधली_सुट्टी: पँटच्या पायात पिळा 😜

पिठलंभात: दोनच उरल्यात हो त्याच्याकडे! बरं, कुकर झाला, पळते. सुगरण_नाही, आत्याच्या टोपलीचा फोटो टाकाच.