प्रति: कॅमेरे वाढवले की वस्ती सुरक्षित होते?

वर मांडलेला मुद्दा असा की झपाट्याने वाढणाऱ्या शहरांत कॅमेरे आणि पोलीस चौक्या वाढवल्या की गुन्हे आटोक्यात येतील. मला हा क्रम उलटा वाटतो. कॅमेऱ्याला आधी उजेड लागतो, अखंड वीज लागते, आणि घटना दिसल्यावर तिथे पोचायला रस्ता लागतो.

उजेडाचंच घ्या. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनच्या खायेलित्शा या गरीब वस्तीत दिव्यांचे 30-40 मीटर उंच मनोरे आहेत, वर्णभेदाच्या काळातली ही पद्धत. एका मनोऱ्यावर मोठा परिसर अवलंबून, त्यामुळे केबल चोरीला गेली की सगळा भाग अंधारात. दिवे चालू असले तरी झोपड्यांमधल्या बोळांत गडद सावल्या पडतात, आणि रात्री बाहेरच्या शौचालयाला जाणाऱ्या बाईची वाट नेमकी तिथूनच जाते. त्यापेक्षा 5-6 मीटरचे खांब, उंचीच्या साधारण 3 ते 4 पट अंतरावर, आणि एकाआड एक दिवा वेगळ्या सर्किटवर. एक सर्किट बंद पडलं तरी निम्मे दिवे राहतात. देखभालीचा खर्च मात्र पहिल्याच अंदाजपत्रकात धरा. बहुतेक योजना इथेच कोलमडतात.

कोलंबियातल्या मेदेयीन शहरात मेट्रोकेबल (सार्वजनिक वाहतुकीचा रोपवे) आली आणि खून घटले, हे उदाहरणही वर आलंय, पण अर्धंच. 1991 मध्ये तिथे दर लाख लोकांमागे सुमारे 380 खून झाले. 2004 ला डोंगरावरच्या वस्त्यांपर्यंत मेट्रोकेबल पोचली, सोबत शाळा, वाचनालयं, पायवाटा आल्या. पण 2003 मध्ये निमलष्करी टोळ्यांचं निःशस्त्रीकरणही सुरू झालं होतं. घटलेल्या खुनांचं श्रेय एकट्या केबलला देऊन तिची नक्कल करणं चुकीचं ठरेल.