मदत हवी आहे: विश्वासदर्शक ठराव हरूनही जर्मनीचा चॅन्सेलर (सरकारचा प्रमुख) पदावर कसा राहतो?

नमस्कार मंडळी. मी श्टुटगार्टला असतो. पुढच्या महिन्यात जर्मन नागरिकत्वाची परीक्षा आहे. 33 प्रश्न, त्यातले 17 बरोबर आले की पास. 310 प्रश्नांचा संच आधीच मिळतो, म्हणजे पाठ करूनही भागेल. पण उद्या इथे मत द्यायचं, तर सरकार पडतं कसं हे मला मनापासून समजून घ्यायचंय.

जर्मन राज्यघटनेचं कलम 67 (अविश्वास ठराव) कळलं. नुसतं 'हे चॅन्सेलर नकोत' म्हणून भागत नाही, त्याच मतदानात नवा चॅन्सेलर निवडावा लागतो. वायमारच्या काळात, म्हणजे हिटलरच्या आधीच्या जर्मन प्रजासत्ताकात, सरकार पाडायला एकत्र येणारे सरकार चालवायला एकत्र येत नसत, त्यावरचा हा उपाय. 1972 मध्ये विरोधी पक्षाचे बार्झेल यांना 249 मतं हवी होती, 247 मिळाली आणि चॅन्सेलर ब्रांट तरले. 1982 मध्ये चॅन्सेलर श्मिट गेले ते त्याच मतदानात कोल यांना निवडून.

अडतोय तो कलम 68 वर, म्हणजे चॅन्सेलर स्वतःच मांडतो त्या विश्वासदर्शक ठरावावर. 1999 मध्ये वाजपेयी एका मताने हरले तेव्हा शाळेत होतो. घरातली सगळी टीव्हीसमोर बसली होती. ठराव हरला की राजीनामा, हेच डोक्यात बसलंय. इथे चॅन्सेलर शोल्त्स 16 डिसेंबर 2024 ला 207 विरुद्ध 394 असे हरले, तरी मे 2025 पर्यंत तेच. मग ते काळजीवाहू होते का? आणि राष्ट्राध्यक्षांना बुंडेसटाग (जर्मन संसद) विसर्जित करावीच लागते का?

प्रतिसाद: राजीनाम्याची सक्ती 68 मध्ये नाहीच. हरलेला चॅन्सेलर राष्ट्राध्यक्षांकडे विसर्जनाची मागणी करू शकतो, त्यांना 21 दिवस असतात. ते नकारही देऊ शकतात, पण 1972, 1983, 2005 आणि 2024 या चारही वेळा त्यांनी होकारच दिला. त्या मुदतीत बुंडेसटागने दुसरा चॅन्सेलर निवडला, तर विसर्जनाचा अधिकारच संपतो. शोल्त्स 25 मार्च 2025 पर्यंत पूर्ण अधिकाराचे चॅन्सेलर होते. त्या दिवशी नवी बुंडेसटाग बसली आणि तिथून 6 मेपर्यंत काळजीवाहू.

धागाकर्ता: खूप आभार! म्हणजे घोळ सगळा 25 मार्चच्या तारखेचा होता. मी ठराव हरल्यापासूनच मोजत बसलो होतो.