विज्ञानाची बातमी आणि त्यावरचं पहिलं वाक्य : तुमचे अनुभव लिहा

विज्ञान-तंत्रज्ञानाची मोठी बातमी आली की आपण ती पुरती वाचायच्या आत कुणीतरी त्यावर बोलून मोकळं झालेलं असतं. "याचा उपयोग काय?" "आता नोकऱ्या गेल्या." "एवढा पैसा ओतून हेच?" "बघा, मी म्हणत नव्हतो?" मला बातमीइतकीच ही वाक्यं आवडतात. त्यात हसण्यासारखं असतंच, पण पुष्कळदा विचारायला हवा तो नेमका प्रश्नही त्याच वाक्यात दडलेला असतो.

तर असे प्रसंग लिहा. बातमी कोणती, कोण काय बोललं, पुढे काय झालं. दोन ओळी असल्या तरी चालतील. राजकारण नको, आणि 'लोक किती अडाणी' हा सूर तर अजिबात नको.

सुरुवात मीच करते. डिसेंबर २०२२. अमेरिकेतल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटी या प्रयोगशाळेत अणुसंमीलनातून, म्हणजे हलकी अणुकेंद्रकं एकत्र जोडून, घातली त्यापेक्षा जास्त ऊर्जा मिळाली अशी बातमी आली. घरात लगेच "आता वीज फुकट!" सुरू झालं. सासरे जन्मभर हिशेबनीस होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "घातली किती, मिळाली किती?" मी वाचून दाखवलं : लेझरमधून २.०५ मेगाजूल गेली, ३.१५ मेगाजूल बाहेर आली. "बरं. आणि तो लेझर पेटवायला वीज किती ओढली?" ती निघाली साधारण ३०० मेगाजूल. "म्हणजे धंदा अजून तोट्यात आहे. पण बंद करू नका म्हणावं." एवढं बोलून ते शब्दकोड्याकडे वळले. बातमीत हा ३०० चा आकडा अगदी तळाशी होता.

दुर्बीणवाली

माझ्या आत्याकडून दर ऑगस्टमध्ये एक फॉरवर्ड येतो : "२७ ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा दिसणार! पुन्हा आपल्या हयातीत दिसणार नाही." त्यात साल कधीच नसतं, त्यामुळे निरोप शिळाही होत नाही.

मुळात ही अफवा नव्हतीच. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ खरोखरच पृथ्वीच्या फार जवळ, सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता. इतका जवळ तो जवळपास ६०,००० वर्षांत आला नव्हता. त्या वेळच्या ईमेलमध्ये लिहिलं होतं की, ७५ पट मोठं करून दाखवणाऱ्या दुर्बिणीतून पाहिलं तर मंगळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पूर्ण चंद्राएवढा दिसेल. पुढे पुढे पाठवताना त्यातली दुर्बीण गळून पडली आणि चंद्र तेवढा उरला.

आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग तो ७५ आकडा तरी खरा की तोही कुणी घुसडला?" मला हे फार आवडलं. आम्ही कागद घेऊन बसलो. पूर्ण चंद्र आकाशात साधारण अर्धा अंश जागा व्यापतो, म्हणजे १,८०० कोनीय सेकंद. मंगळ त्या दिवशी होता सुमारे २५ कोनीय सेकंदांचा. पंचवीस गुणिले पंचाहत्तर, १,८७५. आकडा जवळपास चोख. आता आत्या तो फॉरवर्ड पाठवतेच, पण खाली स्वतःच्या हाताने 'दुर्बीण लागेल' असं जोडून.

काठावरचा

आमच्या ग्रुपवर कॅन्सर बरा झाल्याची बातमी आली की एक मित्र फक्त "उंदराचा का?" एवढंच विचारतो. बहुतेक वेळा हो असतं.

खडू-फळा

मी शाळेत विज्ञान शिकवतो. सप्टेंबर २०११ मध्ये न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा वेगाने धावल्याची बातमी आली तेव्हा वर्गात पाऊल टाकायच्या आत आरोळी आली, "सर, आइन्स्टाइन नापास!" मुलांना झालेला आनंद बघण्यासारखा होता. शिक्षक कितीही मोठा असो, त्याची चूक निघाली की वर्गाला सुट्टी मिळाल्यासारखं वाटतं.

मी शिकवायचा धडा बाजूला ठेवला. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून निघालेले कण इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखालच्या ऑपेरा प्रयोगात सुमारे ७३० किलोमीटरवर पोहोचत होते, आणि ते अपेक्षेपेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर आले असं मोजमाप सांगत होतं. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "सर, दोन्हीकडची घड्याळं एकत्र कशी लावली?" बाकी वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण सगळा प्रश्न तोच होता.

पुढच्या वर्षी कळलं ते असं : जीपीएसची वेळ मुख्य घड्याळापर्यंत नेणाऱ्या ऑप्टिकल फायबरची जोडणी नीट घट्ट बसलेली नव्हती. तोवर मागच्या बाकावरचा पुढच्या वर्गात गेला होता. मधल्या सुट्टीत त्याला गाठून सांगितलं, तर म्हणाला, "म्हणजे वायर लूज होती?" आणि डबा खायला पळाला.

एक गोष्ट मात्र मी मुलांना आवर्जून सांगतो. ऑपेराच्या लोकांनी 'आम्ही आइन्स्टाइनला हरवलं' असं कधीच म्हटलं नव्हतं. आम्हाला चूक सापडत नाहीये, तुम्ही शोधा, असं ते जगाला सांगत होते. मथळे दुसऱ्यांचे होते.

निळी शाई

@खडू-फळा, सर, याला एक पुरवणी. १९८७ साली मोठा मॅगेलन मेघ या शेजारच्या दीर्घिकेत तारा फुटताना, म्हणजे सुपरनोव्हा, दिसला (१९८७ए). त्याचे न्यूट्रिनो प्रकाशाच्या काही तास आधी पोहोचले, तेही ताऱ्याच्या पोटातून त्यांना आधी निसटता येतं म्हणून. सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांचा प्रवास. ऑपेराच्या मापाने ते धावले असते तर चार वर्षं आधी यायला हवे होते. माझ्या बाबांनी ही बातमी ऐकून "एवढ्या लांबून येणारी पाहुणी मंडळी वेळेवर आली होती ना?" असं विचारलं होतं. त्यांना सुपरनोव्हा वगैरे काही माहीत नव्हतं, पण पडताळा कुठे घ्यायचा हे बरोबर सुचलं.

एक्सेलग्रस्त

२०२५ च्या सुरुवातीला '२०२४ वायआर४' या लघुग्रहाने आमच्या ऑफिसात धमाल उडवून दिली. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता आहे म्हटल्यावर एकाने वीस वर्षांचं कर्ज काढायचं ठरवलं, दुसरीने २०३२ च्या वार्षिक मूल्यमापनाला येणार नाही असं आत्ताच कळवून टाकलं. हे सगळं ठीक.

पण आमच्यातल्या एक अबोल बाई रोज आकडा बघायच्या आणि त्यांचा चेहरा उतरत जायचा. जानेवारीच्या शेवटी शक्यता १ टक्क्याच्या वर गेली, मग २ च्या वर, आणि १८ फेब्रुवारीला ३.१ टक्के. "वाढतोय," त्या म्हणाल्या. "रोज नवीन निरीक्षणं घेतात आणि रोज वाढतोय. म्हणजे येतोयच ना तो?" यावर कुणाला विनोद सुचेना.

मी फळ्यावर एक लांबलचक पट्टी काढली. लघुग्रह त्या दिवशी या पट्टीत कुठेतरी असेल, नक्की कुठे ते माहीत नाही. पट्टीच्या आत एक ठिपका, ती पृथ्वी. ठिपक्याने पट्टीचा जेवढा भाग व्यापला तेवढी टक्कर होण्याची शक्यता. आता निरीक्षणं वाढली की पट्टी दोन्ही टोकांकडून आखडत जाते. मी डस्टरने दोन्ही टोकं थोडी थोडी पुसत गेलो. ठिपका तेवढाच, पट्टी लहान, म्हणून टक्केवारी वर. लघुग्रह जवळ सरकल्यामुळे नाही, आपलं अज्ञान कमी झाल्यामुळे. आणि मग कधीतरी पट्टीचं एक टोक ठिपक्यावरून पलीकडे सरकतं, आणि आकडा धाडकन खाली येतो.

बाई त्या पट्टीकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे उद्या ५ झाला तरी घाबरायचं नाही, आणि परवा शून्य झाला तर 'दाबली बातमी' म्हणायचं नाही."

आठवडाभरात तो खरंच जवळजवळ शून्यावर आला. आणि अर्थातच कर्जवाल्याचा मेसेज आला : "दाबली बघा." त्याला उत्तर बाईंनीच दिलं, फळ्याचा फोटो पाठवून. फळा पुसणाऱ्या मामांनी त्यावर 'पुसू नये' लिहिलेलं होतं, तेही फोटोत आलं.

अंधारखोली

पेशाने छायाचित्रकार. एप्रिल २०१९ मध्ये एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं चित्र आलं, तेव्हा मला आलेले निरोप : "फोकस गेलाय", "तू काढला असतास तर बरा आला असता", "कॅमेरा कुठला?"

शेवटच्याचं उत्तर मी मनापासून दिलं. कॅमेरा एक नाही, जगभर पसरलेल्या आठ रेडिओ दुर्बिणी. सगळ्यांनी एकाच वेळी, अणुघड्याळांच्या ठोक्यावर नोंदी घेतल्या आणि त्या नंतर जुळवल्या. निरीक्षणं २०१७ ची, चित्र दोन वर्षांनी. नोंदी इतक्या प्रचंड होत्या की इंटरनेटने पाठवणं परवडेना, हार्ड डिस्कच विमानाने न्याव्या लागल्या. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तर तिथला हिवाळा संपेपर्यंत अडकून पडल्या होत्या. रेडिओ लहरींना रंग नसतो, तेव्हा तो नारिंगी रंगही माणसांनी निवडलेला.

हे ऐकून मेव्हणा म्हणाला, "म्हणजे हा फोटो नाहीच." यावर आमचा वाद अजून चालू आहे. माझं म्हणणं, डिजिटल कॅमेऱ्यातसुद्धा सेन्सरवरचे आकडेच असतात, रंग नंतर भरतात. त्याला ते पटत नाही आणि मला त्याचं न पटणं पूर्ण चुकीचं वाटत नाही.

भट्टीवाली

पदार्थविज्ञानात संशोधन करते, त्यामुळे जुलै २०२३ मध्ये 'एलके-९९' आलं तेव्हा माझा फोन तापला होता. दक्षिण कोरियातल्या गटाचा दावा : साध्या तापमानाला, साध्या दाबाला चालणारा अतिवाहक, म्हणजे विजेला जराही न अडवणारा आणि चुंबकावर तरंगणारा पदार्थ. चुलतभाऊ, जुनी मैत्रीण, घरमालक, सगळे एकच विचारत होते : "आता गाड्या तरंगणार का?"

कृती इतकी सोपी होती की तीच वेड लावायला पुरेशी. शिसं, तांबं, फॉस्फरस, गंधक यांची संयुगं, काचेच्या नळीत निर्वात करून ९२५ अंशांना भाजायचं. जगभर हौशे-नवशे भट्ट्या पेटवून बसले आणि थेट प्रक्षेपण सुरू. चुंबकावर एका टोकाने उचलला गेलेला तो काळा खडा सगळ्यांनी पाहिला असेल. घरमालकांनी तो व्हिडिओ बघून एकच शंका काढली : "अहो, दुसरं टोक टेकलंय की!" आमच्या प्रयोगशाळेत त्याच टेकलेल्या टोकावर तासभर खडाजंगी झाली होती.

शेवटी गुन्हेगार निघाला अशुद्धीतला कॉपर सल्फाइड. तो साधारण १०४ अंशांना आपली रचना बदलतो, तिथे त्याचा विजेला होणारा रोध एकदम घसरतो आणि आलेखात ते अतिवाहकासारखं भासतं. शुद्ध स्फटिक बनवले तर ते विजेला चक्क अडवत होते. महिन्याभरात सगळं थंड. घरमालक अजून जिन्यात भेटले की विचारतात, "टेकलं का दुसरं टोक?"

सावलीवाचक

एक्स-रे, सीटी वाचणं हे माझं काम. २०१६ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेतले नामवंत संशोधक जेफ्री हिंटन यांनी रेडिओलॉजिस्टना प्रशिक्षण देणं आता थांबवावं, पाच वर्षांत यंत्रं हे काम आपल्यापेक्षा चांगलं करतील, असं म्हटलं. तेव्हापासून प्रत्येक समारंभात कुणीतरी काळजीने विचारतं, "मग पुढे काय ठरवलंयस?" २०२४ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा सांत्वनाला फोनच आले.

आता रोजच्या कामात सॉफ्टवेअर असतंच. अवघड आणि तातडीच्या फिल्म ते रांगेत वर आणतं, हा मोठा उपकार आहे. पण परवा त्याने एका आजोबांच्या छातीत हवा साठल्याची खूण केली. त्याने धरलेली रेघ बरगड्यांच्या बाहेर, पार काखेपर्यंत गेलेली होती. फुप्फुसाची कड असती तर तिथे गेली नसती. ती पाठीच्या सुरकुतलेल्या त्वचेची घडी होती. माणसंही तिथे फसतात.

त्याच आजोबांनी बाहेर विचारलं, "मशीनने बघितलं की तुम्ही?" दोघांनी, म्हटलं. "मग दोघांचं जमलं नाही तर कुणाचं ऐकता?" हे कुठल्याच परिषदेत मला कुणी इतकं थेट विचारलेलं नाही.

ग्रीसचे हात

कारखान्यात देखभाल खात्यात होतो. व्हॉयेजर-१ हे बिघडलेलं अंतराळयान पुन्हा नीट बोलू लागल्याची बातमी आली तेव्हा ज्याने त्याने एकच लिहिलं : "माझा फोन दोन वर्षांत मान टाकतो आणि हे १९७७ चं यान अजून चालतंय! जुनं ते सोनं!" साफ चूक. नोव्हेंबर २०२३ पासून ते निरर्थक बडबड करत होतं. चालतंय ते जुनं आहे म्हणून नव्हे, त्याच्यामागे माणसं बसलीत म्हणून. प्लुटोनियमवरची वीज दरवर्षी सुमारे ४ वॅटने घटते, त्यामुळे ती माणसं एकेक हीटर, एकेक उपकरण बंद करत आली आहेत.

बिघाड काय, तर एक मेमरी चिप गेली. बदलायला जाणार कसे? २४ अब्ज किलोमीटर! चिपमधला कोड हलवायचा, तर तो सलग मावेल एवढी रिकामी जागा कुठेच नाही. मग त्याचे तुकडे केले, जागा मिळेल तिथे बसवले, आणि प्रत्येक तुकड्याला दुसरा कुठे आहे ते नव्याने सांगितलं. १८ एप्रिल २०२४ ला पहिली दुरुस्ती पाठवली. जायला साडेबावीस तास, उत्तर यायला साडेबावीस तास. २० तारखेला यान स्वतःच्या प्रकृतीबद्दल शुद्धीत बोललं.

पुतणीने विचारलं, "पण त्यांना पन्नास वर्षांपूर्वीचा कोड कळला कसा? लिहिणारे तर केव्हाच रिटायर झाले असतील." बरोब्बर बोललीस, म्हटलं. जुने कागद उकरून काढले त्यांनी, तेव्हाच्या लोकांनी लिहून ठेवलेले. आमच्याकडे मशीनचं मॅन्युअल मागितलं की ते कपाटात आहे आणि किल्ली रजेवर गेलेल्या साहेबांकडे आहे, असं उत्तर मिळायचं.